मागील महिन्याप्रमाणे

शामराव रामटेके यांनी आयुष्यात समुद्र तीनदा पाहिला. एकदा लग्नानंतर मुंबईत, एकदा चेन्नईच्या ट्रेनिंगमध्ये आणि एकदा विमानातून, तोही ढगांच्या फटीतून. आणि हा माणूस एकतीस वर्षं दिल्लीकडे बसून किनाऱ्यावरच्या वाऱ्याचं गणित मांडत होता. यात हसण्यासारखं काही नाही. आमच्या हवामान कार्यालयात हिमालयातल्या बर्फाचं बघणारा माणूस केरळचा आहे आणि राजस्थानच्या धुळीच्या वादळांचा तज्ज्ञ आसामचा. ज्याचं जिथे घर तिथलं काम त्याला देऊ नये असा नियम कुठे लिहिलेला नाही, पण पाळला मात्र काटेकोरपणे जातो.

मी पद्माकर. मूळ पुण्याचा, गेली सव्वीस वर्षं द्वारकेत. मी चिडका आहे, हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे कुणाला नवल वाटायला नको. रामटेके आमच्या शेजारच्या सोसायटीत राहतात. रोज सकाळी आम्ही एकाच मेट्रोने नोएडाला जायचो, दीड तास जायला आणि दीड तास यायला. त्यांना डाव्या कानाने कमी ऐकू यायचं, म्हणून ते मला कायम उजव्या बाजूला बसवत आणि फोन आला की स्पीकरवर टाकत. त्यामुळे कौसल्यावहिनींनी संध्याकाळी कुठली भाजी आणायला सांगितली आहे, हे अर्ध्या डब्याला कळायचं.

रामटेके भंडाऱ्याचे. वडील तलाठी कार्यालयात शिपाई होते. घरात शिकलेले हे पहिले. मोठं बोलायची सवय नाही, कुणाचं वाईट चिंतायची नाही, आणि फाइलवर जे लिहायचं ते असं नीट लिहायचे की मराठी माणसाची हिंदी बघून हिंदीवालेही गप्प बसत. कचेरीत सगळे त्यांना 'रामटेके जी' म्हणायचे. त्या 'जी'मध्ये आदर किती आणि आळस किती, ते मी सांगत नाही.

त्यांचं काम थोडक्यात सांगतो. वाऱ्याचा अंदाज काढायचा तर संगणकात आधी जमीन उभी करावी लागते. जमिनीचे चौकोन पाडतात आणि प्रत्येक चौकोनाला एकच उंची देतात. आमचा चौकोन बारा किलोमीटरचा होता. आता कोकणात समुद्रापासून सह्याद्रीच्या माथ्यापर्यंत असे चौकोन मावतात तीन-चार. त्यामुळे आमच्या संगणकातला सह्याद्री म्हणजे थापलेली भाकरी. कडा नाही, दरी नाही, खिंड नाही. हिवाळ्यात डोंगरावरची हवा रात्रभर गार होते, जड होते आणि पहाटे उताराने समुद्राकडे निघते. शाळेत आपण त्यालाच मतलई वारा म्हणून शिकलो. एरवी तो बेताचा असतो. पण समोर अरुंद खिंड आली की सगळी हवा तिच्यातूनच घुसते आणि खालच्या बंदरावर वारा दणकन आदळतो. आमच्या भाकरीत खिंडच नव्हती, तर वारा कुठून येणार.

कातळबंदर हे अशाच एका खिंडीच्या तोंडाशी वसलेलं गाव. तिथे वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, आमच्या खात्याचा एक खांब होता, त्यावर वारा मोजायचं यंत्र, आणि ते वाचायला गावातल्या शाळेचा शिपाई, हरिदास. पहाटे साडेपाचला तो पाखाडीच्या पायऱ्या चढून वर जायचा, दिशा आणि वेग वहीत लिहायचा आणि आकडा कळवायचा. त्याला हिंदी जेमतेम यायची. डेटा रूममधल्या पोरांना मराठी अजिबात नाही. एकदा काहीतरी विचारायला त्याचा फोन आला तेव्हा कुणीतरी ओरडलं, "रामटेके जी, आपके महाराष्ट्र वाले का फोन है," आणि फोन त्यांच्या हातात दिला. भंडारा आणि कातळबंदर यांच्यात अख्खा महाराष्ट्र आडवा पडलाय, पण दिल्लीला ते सगळं एकच. तेव्हापासून हरिदास रोजचा आकडा खात्याला तर पाठवायचाच, वर एक प्रत रामटेक्यांना. आधी फोनवर सांगायचा, मग मेसेज करू लागला. 'पूर्व १८. मिळालं का साहेब?' आणि रामटेके लिहायचे, 'मिळालं.' वर्षानुवर्षं एवढंच. त्यांनी एकमेकांना कधी पाहिलं नाही.

दोन वर्षांपूर्वी जानेवारीत एका पहाटे कातळबंदरची एक होडी उलटली. दोन सख्खे भाऊ गेले. आमच्या बुलेटिनमध्ये त्या पट्ट्यासाठी लिहिलं होतं, वारा मंद, समुद्र शांत. हरिदासचा त्या सकाळचा आकडा होता, पूर्व २४. चोवीस नॉट म्हणजे ताशी पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास. छोट्या होडीला तेवढा पुष्कळ झाला. दुसऱ्या दिवशी हरिदासने अपघाताची तक्रार केली नाही की काही विचारलं नाही. नेहमीसारखा मेसेज आला, 'पूर्व २२. मिळालं का साहेब?' मेट्रोत माझ्या शेजारी बसून रामटेके तो मेसेज करोलबाग येईपर्यंत बघत होते. मग त्यांनी 'मिळालं' लिहिलं.

त्या दिवशी त्यांनी शोध घेतला. हरिदास वर्षानुवर्षं पहाटे अठरा, वीस, बावीस सांगतोय आणि आमचं मॉडेल चार सांगतंय, तर एवढा फरक इतक्या वर्षांत कुणाच्याच डोळ्यांत का खुपला नाही, हा त्यांचा साधा प्रश्न. उत्तर तासाभरात सापडलं. कातळबंदर काळ्या यादीत होतं.

काळी यादी म्हणजे ज्या स्थानकांच्या आकड्यांवर भरवसा नाही त्यांची यादी. त्यांचे आकडे येतात, नोंदले जातात आणि बाजूला टाकले जातात. मॉडेलपर्यंत पोचत नाहीत, तपासणीतही धरले जात नाहीत. दर महिन्याला ही यादी नव्याने करायची असते. प्रत्यक्षात काय होतं, तर मागच्या महिन्याची फाइल उघडायची, वर तारीख बदलायची, खाली लिहायचं 'मागील महिन्याप्रमाणे' आणि सही करायची. कातळबंदरचं नाव असं एकशे पंचेचाळीस महिने पुढे सरकत आलं होतं. रामटेके एकेक फाइल उघडत मागे गेले, पार २०१०च्या डिसेंबरपर्यंत. तिथे पहिल्यांदा नाव होतं आणि समोर शेरा होता. पहाटेचा वेग शेजारच्या सर्व स्थानकांपेक्षा पाचपट. निरीक्षक घरी बसून आकडे लिहीत असावा असा संशय. खाली सही, शा. रामटेके.

ते अक्षर बघून त्यांनी मला हाक मारली नाही. माझ्याकडे पाहिलंही नाही. मीच उठून त्यांच्या मागे जाऊन उभा राहिलो, कारण अर्धा तास हा माणूस हललाच नव्हता. तेव्हा मला दिसलं की त्यांच्या सहीखाली 'तपासले' असं छापलेलं आहे आणि त्यासमोर दुसरी सही आहे. ती माझी. मी काय तपासलं होतं ते मला आजही आठवत नाही. शुक्रवार असेल, घरी जायची घाई असेल. पुढे रामटेके दुसऱ्या विभागात गेले, तो शेरा तेही विसरले, यादी कुणाकुणाच्या हातात फिरली, आणि नाव तसंच राहिलं.

रामटेके एवढंच म्हणाले, "त्या वेळी मला वाटलं, एवढा वारा असूच शकत नाही. आपल्या भंडाऱ्याला कुठे असतो?"

नाव यादीत घालायला दोन सह्या लागतात. काढायला समिती लागते. रामटेक्यांनी अर्ज केला. समितीने विचारलं, स्थानक बरोबर आहे याला पुरावा काय. मग या माणसाने निवृत्तीला दोन वर्षं उरलेली असताना डोक्यात घेतलं की खिंडच संगणकात उभी करायची. बारा किलोमीटरचे नाही, तीनशे मीटरचे चौकोन पाडायचे, आणि दाखवायचं की वारा खरंच तसा येतो. बैल गेला अन् झोपा केला, असं मी तोंडावर म्हणालो. त्यांनी मान हलवली आणि कामाला लागले.

मोठ्या संगणकावर त्यांच्या कामाला नंबर सर्वांत शेवटी लागायचा. शनिवार-रविवारी रिकामा वेळ मिळाला तर. उभ्या कड्यांवर हे गणित टिकत नाही, आकडे भलतेच वाढत जातात आणि सगळं कोसळतं. मग वेळेचे तुकडे आणखी बारीक करायचे, की दिवसाच्या गणिताला आठवडा लागणार. अकरा वेळा कोसळलं. घरी श्रावस्ती, त्यांची मुलगी, गुडगावला एका कंपनीत हेच आकड्यांचं काम करते. तिने दोन रविवार त्यांच्याबरोबर बसून चूक शोधली. मतलई हा शब्द तिने ऐकलाच नव्हता. बाबांनी लँड ब्रीझ म्हटल्यावर "अच्छा, वो" म्हणाली. त्या दोन रविवारी रामटेके खूश होते. तेवढेच.

गेल्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये बाराव्या खेपेला गणित टिकलं. होडी बुडाली त्या पहाटेचं. साडेपाचला कातळबंदरवर मॉडेलचा वारा आला पूर्व २३. हरिदासचा होता २४. रामटेक्यांनी मला खाली नेऊन छोले-कुलचे खायला घातले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. परत येताना म्हणाले, आता हरिदासचं नाव यादीतून निघेल. मीही म्हटलं, निघेल. मनापासून म्हटलं, हे माझ्या बाजूने लिहून ठेवतो.

ऑक्टोबरात वरून आदेश आला. ज्या छोट्या स्थानकांच्या आकड्यांचा मागच्या दहा वर्षांत उपयोग झालेला नाही, ती बंद करायची. सोबत तक्ता. कातळबंदरसमोर उपयोगाच्या रकान्यात शून्य. आता शून्य असणारच. चौदा वर्षं आम्हीच त्याचे आकडे बाजूला टाकत होतो.

रामटेक्यांनी टिपण लिहिलं. चार पानी. त्यात स्वच्छ कबूल केलं की २०१०चा शेरा चुकीचा होता, तो मी कसलीही चौकशी न करता लिहिला, निरीक्षक प्रामाणिक आहे, स्थानक बंद करू नये. माझा त्यात उल्लेख नव्हता. मी तो घालायला सांगितलंही नाही. टिपण घेऊन ते संचालकांकडे गेले, सोबत मी. संचालक डॉ. विक्रांत, चाळिशीचे, हुशार, अतिशय सभ्य. अशा माणसांचा मला फार राग येतो, कारण त्यांच्यावर रागावायला जागा मिळत नाही. त्यांनी चारही पानं वाचली. चहा मागवला. मग म्हणाले, मॉडेल सुंदर आहे, पण ते एका स्थानकावर तपासलंय, आणि ते स्थानक काळ्या यादीत आहे. संशयित स्थानकावरून मॉडेल बरोबर ठरत नाही. रामटेके म्हणाले, मग स्थानक यादीतून काढा. त्यावर विक्रांत म्हणाले, त्याला पुरावा लागतो, आणि तुमचा पुरावा हे मॉडेल आहे, जे अजून तपासलेलं नाही. तरीही रामटेके बसूनच राहिले, तेव्हा त्यांनी फाइलमधला जुना कागद त्यांच्यासमोर हळूच सरकवला.

"रामटेके जी, संशय की बात तो आपने ही लिखी है।"

टिपणावर 'पाहिले, नस्ती' असा शेरा पडला. म्हणजे वाचलं, आता कपाटात ठेवा.

डिसेंबरात कातळबंदरचा खांब उतरवला. हरिदासने फोटो पाठवला, सड्यावर चार बोल्ट आणि सिमेंटचा चौथरा. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा मेसेज. 'यंत्र नाही. माडांच्या झावळ्यांवरून अंदाजे पूर्व १५. मिळालं का साहेब?' आणि रोज. खांब नाही, खात्याशी संबंध नाही, तरी हा माणूस पाखाडी चढून वर जात होता. नवीन यंत्र येईपर्यंत साहेबांना अडचण नको, असं त्याने एकदा लिहिलं. नवीन यंत्र येणार असं त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्याचं त्यानेच गृहीत धरलं होतं. आणि रामटेके लिहीत होते, 'मिळालं.'

जानेवारीतल्या एका रविवारी मी त्यांच्याकडे गेलो होतो. सकाळची वंदना आटपून दोघं नवरा-बायको बसलेली, बुद्धाच्या मूर्तीसमोर मेणबत्ती अजून जळत होती. कौसल्यावहिनींना सगळं ठाऊक होतं. मुनिरकाच्या शाळेत त्यांनी तीस वर्षं मुलांना शिकवलंय, आवाज चढवावा लागत नाही. त्यांनी माझ्यासमोरच नवऱ्याला विचारलं की त्या हरिदासला कधी सांगणार. रामटेके म्हणाले, मी त्याच्याशी खोटं बोललेलो नाही. तो विचारतो मिळालं का, आणि मिळतं, म्हणून मी मिळालं म्हणतो.

"रोज सकाळी पंचशील म्हणता," वहिनी म्हणाल्या, "त्यातलं चौथं शील काय आहे, ते मला सांगा."

चौथं शील खोटं न बोलण्याचं आहे, एवढं मलाही माहीत होतं. चहा गार झाला आणि मी उठलो. खरं सांगायचं तर पळालो, कारण वहिनींचा प्रश्न खोलीतल्या दोन माणसांना होता आणि त्यांना फक्त एक माहीत होता.

एकतीस जानेवारीला रामटेके निवृत्त झाले. शाल, भिंतीवरचं घड्याळ, समोसे, दोन भाषणं. एका भाषणात त्यांचं गाव चंद्रपूर सांगितलं गेलं. साडेचारला ते जागेवर आले, खण रिकामा केला आणि मग फोन उचलून हरिदासला लावला. सवयीने स्पीकरवर. मी माझ्या खुर्चीत, हातभर अंतरावर. आज निवृत्त होतोय, हे सांगून झालं. हरिदासने तब्येतीची काळजी घ्यायला सांगितलं, आंब्याच्या दिवसांत घरच्यांना घेऊन या म्हणाला. तो किनाऱ्यावरच असावा, फोनमध्ये वारा वाजत होता.

"हरिदास, तुमचा वारा आम्ही कधी वापरलाच नाही," रामटेके म्हणाले. "चौदा वर्षं."

"म्हणजे पोचत नव्हता का?"

"पोचत होता. आम्ही बाजूला टाकत होतो. तुम्ही घरी बसून आकडे लिहिता, असं इथे लिहून ठेवलं होतं. त्यावर सही माझी आहे."

मग हरिदासने विचारलं, हे तुम्ही एकट्यानेच ठरवलंत का. रामटेक्यांनी माझ्याकडे पाहिलं. वाट पाहिली नाही, नुसतं पाहिलं. मी तोंड उघडायला हवं होतं. हातभर अंतर होतं, फोन स्पीकरवर होता, माझं नाव सांगायला दोन सेकंदं लागली असती.

"हो," ते म्हणाले, "एकट्यानेच."

"बरं," हरिदास म्हणाला. आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. "मग साहेब, रोज मिळालं मिळालं कशाला लिहीत होता?"

होड्या लागल्यात, ठेवतो, असं म्हणून हरिदासने फोन ठेवला. आम्ही दोघं मेट्रोने द्वारकेला आलो. भिंतीवरचं घड्याळ मी धरलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून हरिदासचा मेसेज आला नाही. वहिनी सांगत होत्या की रामटेके अजूनही साडेपाचला उठतात आणि फोन समोर ठेवून बाल्कनीत बसतात. बाहेर दिल्लीची हवा, त्यात वारा नसतोच. सहा वाजले की आत येतात. मी त्यांना भेटायला जाईन जाईन म्हणतो आणि जात नाही.

फेब्रुवारीची काळी यादी माझ्या टेबलावर आली. कातळबंदरचं नाव त्यात नव्हतं. चौकशी केली तर डेटा रूममधल्या मुलीने सांगितलं, स्थानक बंद झालं की नाव आपोआप निघतं, समिती लागत नाही. रामटेके दोन वर्षं ज्यासाठी झटले ते असं झालं होतं. त्यांना मी हे कळवलेलं नाही. या वेळी मी यादी वरपासून खालपर्यंत वाचली. सदतीस गावं होती, त्यातलं एकही मी पाहिलेलं नाही, आणि कुठल्या गावात पहाटे कोण पायऱ्या चढून वर जातं, तेही मला माहीत नाही. पाच वाजत आले होते. खाली 'मागील महिन्याप्रमाणे' लिहिलेलंच होतं. मी सही केली.